सिंधूचा नंबर

मी लहानाची मोठी झाले ती धुळ्याला, देवपुरात, एका सरकारी आवारात. फाटकावरच्या पाटीत संस्थेचं नाव एवढं लांबलचक होतं की रंगाऱ्याला शेवटी जागा पुरली नाही, म्हणून 'पुनर्वसन' हा शब्द त्यानं खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत कोंबला होता. मतिमंद, महिला, संरक्षण, सगळं त्या पाटीत होतं. रिक्षावाल्याला मात्र 'येड्यांचं घर' एवढं सांगितलं की पुरे. वडील तिथे अधीक्षक. आम्ही त्यांना नाना म्हणायचो. अधीक्षकाला आवारातच राहायला जागा असल्यामुळे मीही येड्यांच्या घरातलीच, आणि शाळेत याची आठवण करून देणाऱ्या मुलींची कधी कमतरता पडली नाही. नाना माणूस वाईट नव्हते. लेक म्हणून मी हे सांगत नाही. वाईट वागायला जो थोडा धीर लागतो तोही त्यांच्याजवळ नव्हता. त्यांचा सगळा जीव वरून येणाऱ्या कागदात. कागदात जे असेल ते करायचं, नसेल ते करायचं नाही, आणि कागद नीट वाचता यावा म्हणून चष्मा दिवसातून चारदा पुसायचा, हा त्यांचा धर्म. आई सावद्याची, केळीच्या बागांत वाढलेली. तिच्या माहेरी ट्रकमध्ये घड भरताना खाली-वर पानं घालतात, दोन घडांच्या मध्ये पाला दाबतात. संस्थेत नवीन बाई आणून सोडली की आई खिडकीतून बघायची आणि म्हणायची, "आमच्याकडे केळं बी याच्यापेक्षा जपून उतरवतात."

आवारातल्या बायकांना नावं होती, पण कचेरीत त्यांना 'प्रवेशित' म्हणत. आज काय म्हणतात ते मी मुद्दाम विचारून घेतलं. मधल्या काळात शब्द तीनदा बदलला आहे आणि प्रत्येक नवा शब्द आधीच्यापेक्षा सभ्य आहे. डाळ तेवढीच पातळ असावी असा माझा अंदाज. त्या डाळीचा वास सकाळी दहा वाजता आमच्या घरात यायचा, त्याआधी ॲल्युमिनियमच्या ताटल्यांचा खणखणाट, त्याआधी हौदावर अंघोळीचा गोंगाट, आणि या सगळ्याच्या खाली एक आवाज सारखा चालू असायचा. मागच्या खोलीत शहाबादी फरशीवर लोखंडी खाट सरकल्याचा. ती मंगलची खाट. मंगल माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. तिला फिट यायची, ती पडायची, म्हणून तिचा एक पाय जुन्या साडीच्या पट्टीनं खाटेला बांधलेला असे. पाय ओढला की खाट सरकायची. हे कुणापासून लपवलेलं नव्हतं. कचेरीत त्याला 'सुरक्षेची काळजी' म्हणत, आणि आम्हा पोरांना तो आवाज नळाच्या पाण्यासारखा सवयीचा झालेला. पट्टी बांधायची ती लीलाबाई. काळजीवाहक म्हणून कागदावर चौघीजणी होत्या. त्यांतली एक एका मोठ्या साहेबांच्या घरची काळजी वाही, दुसरी कायमची रजेवर, तिसरी अजून नेमायची होती. चौथी लीलाबाई. एवढ्या बायकांची न्हाणी-धुणी, जेवणं, भांडणं, फिट आणि शौच हे सगळं तिच्या एकटीच्या दोन हातांवर. ती कधीकधी हातही उचलायची. मला तिचा फार राग यायचा, आणि आता तिची ड्यूटी आठवते तेव्हा तो राग कुठे ठेवायचा हे कळत नाही.

सिंधूची गोष्ट वेगळी होती. सिंधू तिशीची, ठेंगणी, भक्कम, आणि बोलायला पाच-सहा शब्द. 'चाल', 'दे', 'माय', 'मनं' म्हणजे माझं, आणि राग आला की एक शिवी, जी ती कुठून शिकली ते सगळ्यांना माहीत होतं. तेव्हा फाटक दिवसा उघडं असे. सिंधू सकाळी उठून समोरच्या गल्लीत जाई, कुणाच्या ओट्यावर बसे, कुणाचं पोर खेळवी, जेवायला परत येई. गल्लीतल्या बायका तिला चहा देत आणि काम सांगत. फार कामाची होती अशातला भाग नाही. खरं सांगायचं तर कामाला बेकारच. उन्हाळ्यात बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घालायला बसायची तेव्हा तिचे बिबडे भाकरीएवढे जाड, वाकडेतिकडे, संध्याकाळपर्यंत न वाळणारे. गल्लीतल्या थोरल्या रुखमाअक्का ओल्या हातानं ते परत पसरवायच्या. शिवाय सिंधू घालायची त्याहून जास्त खायची.

बिबड्यांचं काम एका घराचं नसतंच. ज्वारी भिजवून, आंबवून, वाळवून, भरडून ठेवायची आणि मग पहाटे मोठ्या पातेल्यात लसूण-मिरची-तीळ घालून घाटा शिजवायचा, तो लाकडी दांड्यानं घोटत राहायचं, दोघींचे हात भरून येतात तेव्हा तिसरीनं दांडा घ्यायचा. मग ऊन चढायच्या आत गच्चीवर ओली धोतरं अंथरून गरम घाटा थापायचा. त्यासाठी सगळी गल्ली लागते. म्हणून गल्लीत नंबर असत. आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे. जी तुमच्याकडे येऊन राबली तिच्या घरी तुम्ही जायलाच हवं, ताप असला तरी. ज्या घरचा नंबर तिथली बाई त्या दिवशी मालकीण. ती बसणार, हुकूम सोडणार, आणि पहिला गरम घाटा वाटीत घालून, वर कच्चं तेल सोडून, सगळ्यांना देणार. दुकानवाल्या शेठाणीबाई मारवाडच्या, त्यांच्या घरी बिबडे कुणी खात नसे, तरी नंबर चुकायला नको म्हणून त्याही घालत आणि सगळे वाटून टाकत.

त्या उन्हाळ्यात दूरच्या कुठल्याशा गावातल्या अशाच एका संस्थेबद्दल वर्तमानपत्रात छापून आलं. तिथल्या बायकांना जे भोगावं लागलं ते मोठी माणसं आमच्यासमोर हळू आवाजात बोलत, त्यामुळे आम्ही ते लगेच ऐकलं. जे झालं ते बंद फाटकाच्या आत झालं होतं, आणि चाव्या ज्यांच्या कमरेला होत्या त्यांच्याच हातून. वर खळबळ उडाली. वरच्यांनी फार विचार केला असणार, कारण आदेश यायला वेळ लागला. आदेश असा की फाटक चोवीस तास कुलूपबंद ठेवावं, चावी नीट सांभाळावी आणि प्रवेशितांना कोणत्याही कारणास्तव आवाराबाहेर सोडू नये. नानांनी तो उभ्यानंच वाचला. त्याच दुपारी आग्रा रोडवरून नारळाएवढं कुलूप आलं आणि आमचं फाटक सुरक्षित झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिंधू फाटकाशी गेली. गल्लीत कुणाकडे तरी घाटा शिजत होता, लसणाचा वास थेट आत येत होता. तिनं फाटक ढकललं, मग ओढलं, मग दोन्ही हातांनी गदगदा हलवायला लागली. 'चाल' म्हणाली, 'दे' म्हणाली, मग शिवी दिली. तासभर ते लोखंड वाजत होतं. तिसऱ्या दिवशी तिनं कपाळ आपटायला सुरुवात केली. लीलाबाई नानांच्या टेबलाशी येऊन उभी राहिली. "साहेब, हिलाही बांधावं लागेल. डोकं फोडून घेतलं तर मी काय उत्तर देऊ?" नानांनी चष्मा पुसला. "बघू," ते म्हणाले. "सोमवारपर्यंत बघू." लीलाबाईनं तोवर दुसरी साडी फाडून पट्टी तयार करून ठेवली होती, मी ती खुंटीवर टांगलेली पाहिली. त्या रात्री आई नानांना म्हणाली, "खाटा तरी पुरतील ना सगळ्यांले?" नाना जेवता जेवता उठले. मला त्यांची दया आली, आणि दया येण्यासारखे वडील असल्याची चीडही आली.

सोमवारी सूर्य उगवायच्या सुमारास फाटकाबाहेर बायका उभ्या होत्या. गल्लीतल्या सगळ्या. कुणाच्या डोक्यावर पाटी, कुणाच्या काखेत धोतरांचं बोचकं, शेठाणीबाईंच्या हातात तेलाची बरणी. पुढे रुखमाअक्का. नाना बनियनवरच बाहेर आले.

"भाऊ, कुलूप काढा," अक्का म्हणाल्या. "आज सिंधूना नंबर शे."

"अक्का, तिला बाहेर सोडता येत नाही हो. वरून आदेश आहे."

"तिले कोन बाहेर नेस? आमी तिना घर उनूत."

"घर कुठलं? ही शासकीय संस्था आहे."

"मंग ती ऱ्हास कोठे?"

नानांनी मागे वळून आवाराकडे पाहिलं. "इथंच," ते म्हणाले.

"बस. ती आमना बठ्ठासना घर उनी, आते आमले तिना घर येनं पडी का नही?"

आता यात अक्कांचा काही कावा होता का, हे मी पुढे मोठी झाल्यावर त्यांना विचारलं होतं. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. नंबर म्हणजे नंबर. सिंधू पाच-सहा घरी येऊन गेली होती, बिबडे कसे का घातले असेनात. आता तिच्याकडे गेलं नाही तर लोक काय म्हणतील? सिंधूकडे ज्वारी नव्हती म्हणून प्रत्येकीनं आपापल्या घरून वाडगंभर भरड आणली होती. नाना आत गेले. आदेश काढून त्यांनी तो दोनदा वाचला. बाहेर सोडू नये असं स्वच्छ लिहिलं होतं. आत कुणी यायचं नाही असं कुठेच नव्हतं; येड्यांच्या घरात आपणहून कुणी येईल हे वरच्यांच्या डोक्यातच आलं नसणार. आई स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणाली, "नाही ना लिहेल? मंग उघडा की." नानांनी कुलूप उघडलं. माझ्या आठवणीत कागदात नसलेली गोष्ट त्यांनी केली ती हीच पहिली.

मग जो गोंधळ झाला तो काय सांगू. सरकारी पातेलं बाहेर आलं, हौदामागे चूल मांडली गेली, संस्थेची गच्ची या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढऱ्या धोतरांनी भरून गेली. आमच्या बायकांतल्या ज्यांना जमेल त्या थापत होत्या, ज्यांना जमत नव्हतं त्या कावळे हाकत होत्या, आणि एकजण नुसतीच टाळ्या वाजवत होती. सिंधू पाटावर बसली. ती मालकीण आहे हे तिला कुणी समजावून सांगितलं नाही. इतक्या घरी मालकिणी बसलेल्या तिनं पाहिल्या होत्या. "दे," ती हुकूम सोडायची, "दे, दे!" वाट्यांत घाटा तिनंच घातला, अर्धा बाहेर सांडला, तेल मात्र प्रत्येकीला सढळ हातानं. खाऊन झाल्यावर तिनं तेच केलं जे नंबराच्या दिवशी प्रत्येक मालकीण करते. आलेल्या बायकांना घर दाखवायला निघाली. रुखमाअक्कांचा हात धरून म्हणाली, "चाल. मनं."

तिनं हौद दाखवला, आपली वळकटी दाखवली, भिंतीवरचं कॅलेंडर दाखवलं. मग मागच्या खोलीचं दार ढकललं. मी त्यांच्या मागेच होते. मंगल खाटेवर बसलेली, पाय ताणून दाराकडे येण्याचा प्रयत्न करत होती, कारण बाहेरचा सगळा गलका तिला ऐकू येत होता आणि खाट भिंतीपासून खोलीच्या मध्यापर्यंत सरकत आली होती. अक्का दारातच थांबल्या.

"हिले कोनी बांधं व?"

लीलाबाई धावत आली. "पडते अक्का ती. मी एकटी आहे इथं. पडून काही झालं तर नोकरी माझी जाईल, साहेबांची नाही. आणि आता ही सिंधूपण डोकं आपटते..." बोलता बोलता तिची नजर खुंटीवरच्या पट्टीकडे गेली. अक्कांनीही तिकडे पाहिलं. मला वाटलं आता लीलाबाईला शिव्या बसणार. अक्का आत आल्या. खाटेवर बसल्या, मंगलचा पाय मांडीवर घेतला आणि गाठ सोडायला लागल्या. ती इतकी जुनी होती, इतक्या वेळा ओली होऊन वाळलेली की बोटांनी सुटेना. शेवटी अक्कांनी वाकून दातांनी सोडली. घोट्याभोवतीची कातडी काळी पडून जाड झाली होती, बैलाच्या खांद्यावर पडते तशी. त्या आवारात मी रोज झोपत होते, उठत होते, आणि तो घोटा मी त्या दिवशी पहिल्यांदा जवळून पाहिला. मी बाहेर पळाले आणि हौदाशी जाऊन रडले.

अक्का गच्चीवर परत आल्या तेव्हा मंगल त्यांच्या खांद्याचा आधार घेऊन चालत होती. तिला त्यांनी सावलीत बसवलं, हात धुतले आणि घाटा थापायला बसल्या. दोन-तीन बिबडे झाल्यावर मान वर न करता म्हणाल्या, "सकाय मंगलना नंबर." कुणी विचारलं नाही की मंगल कधी कुणाच्या घरी आली होती. शेठाणीबाई फक्त म्हणाल्या, "तेल मी आनते."

दुसऱ्या दिवशी मंगलचा नंबर झाला. तिसऱ्या दिवशी टाळ्या वाजवणाऱ्या बाईचा. मग रोज एकीचा. गल्लीतली ज्वारी संपली तेव्हा अक्कांनी आपल्या नरडाण्याच्या भावाकडून मागवली. त्या वर्षी देवपुरात इतके बिबडे झाले की लोक पाहुण्यांना चहाऐवजी बिबडे देऊ लागले. लीलाबाई सुरुवातीला चिडली, मग गोंधळली, मग एका दुपारी मी तिला गाढ झोपलेली पाहिली. तिची झोप मी त्याआधी कधी पाहिली नव्हती. मंगलला फिट आली तेव्हा चार बायका जवळ होत्या, त्यांनी तिला पडू दिलं नाही. लीलाबाईचा हात उचलायचा राहिला, कारण बघायला सारखं कुणी ना कुणी असायचंच. पट्ट्या मात्र तिनं फेकल्या नाहीत. दोन्ही धुऊन, घड्या घालून उशाशी ठेवल्या. हे सगळं उन्हाळ्यापुरतं आहे हे तिला ठाऊक होतं, आणि आम्हालाही.

मध्ये एकदा वरून साहेब आले. ते कुलूप तपासायला आले होते आणि फाटक सताड उघडं. नाना चष्मा पुसत पुढे झाले. साहेबांना आईनं वाटीत गरम घाटा दिला. तो त्यांनी आधी संशयानं हुंगला, मग दुसरी वाटी मागून घेतली. गच्चीवर जाऊन आले आणि नानांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "वा! याला म्हणतात लोकसहभाग." फोटो काढला. जाता जाता, विचारायचं म्हणून विचारलं, "इथं कुणाला बांधून वगैरे ठेवत नाही ना?" "नाही साहेब," नाना म्हणाले. त्यांच्या उभ्या नोकरीत वरच्यांना दिलेलं उत्तर पूर्ण खरं निघाल्याचा तो एकमेव प्रसंग असावा. पुढे नानांना त्याबद्दल प्रशस्तिपत्र मिळालं. त्यात 'अभिनव उपक्रम' असे शब्द होते आणि सिंधूचं नाव नव्हतं. गेल्या वर्षी जळगावहून मुद्दाम मी ते आवार पाहायला गेले होते. भिंत दुप्पट उंच झालीय, वर काचा, कोपऱ्याकोपऱ्यात कॅमेरे. चौकीदार भला माणूस होता. म्हणाला, आता काळजी नाही बाई, सगळं रेकॉर्ड होतं. ते बघतं कोण, असं मी विचारलं, तर त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं की काही घडलं तर बघतात.

त्या वर्षी ढग यायला लागले तसं बिबड्यांचं काम संपलं. शेवटच्या दिवशी दुपारी बायका धोतरं झटकून घड्या घालत होत्या, पातेलं घासून पालथं घातलं होतं. पापड, कुरडया, शेवया सगळ्यांच्या घरी कधीच होऊन गेल्या होत्या. उद्या यायला काही कारण उरलं नव्हतं. सिंधू प्रत्येकीचा पदर धरून 'चाल' म्हणत फिरत होती, आणि मंगल मागच्या खोलीच्या उंबऱ्यावर दोन्ही पाय लांब करून बसली होती. तिच्यामागे, खोलीत, लीलाबाई खाट परत भिंतीला लावत होती. तो फरशीवरचा आवाज सगळ्यांनी ऐकला. नाना कचेरीच्या दारात उभे होते. कुलूप त्यांच्या हातात होतं.

रुखमाअक्का पाटी डोक्यावर घेऊन त्यांच्यासमोर गेल्या. "भाऊ, सकाय कोना नंबर?"

"आता कसला नंबर, अक्का," नाना म्हणाले. "झाले ना बिबडे." अक्का हलल्या नाहीत. नानांनी चष्मा काढला, पुसायला लागले आणि पुसता पुसता उंबऱ्याकडे पाहिलं. चष्म्याशिवाय त्यांना एवढ्या लांबचं काय दिसलं असेल कोण जाणे.

"आमचा," ते म्हणाले. "उद्या आमच्या घरचा."

आई खिडकीत होती. तिच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं.

"तुमना?" अक्कांनी विचारलं. "काय करनं शे?"

नानांनी इकडेतिकडे पाहिलं. घरात काय वाळवतात, काय कुटतात, कशाला किती बायका लागतात, यातलं त्यांना आयुष्यात काही माहीत नव्हतं.

"काहीही," ते म्हणाले. "पण या."